पुण्याच्या प्लेगवर एमएचा प्रबंध करतोय, गूगलवर नुसते ब्लॉग येतात, खरे संदर्भ कुठे आणि कसे शोधायचे?

'पुण्यातील १८९७ चा प्लेग' असं अख्खं टाकलंत तर रँड, चापेकर, गणेशखिंड हेच फिरून फिरून येणार, दहावीच्या नोट्ससकट. गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्याच फक्त अभ्यासलेख शोधायच्या साइटवर जा आणि इंग्रजीत दोन-तीनच शब्द टाका, तेही जुन्या नावांनी, पूना, बॉम्बे प्रेसिडेन्सी वगैरे, कारण त्या काळचे रिपोर्ट आणि त्यांच्यावरचे बरेच लेख त्याच स्पेलिंगमध्ये आहेत. 'प्लेग कमिटी'सारखे शब्द जोडीनेच हवे असतील तर अवतरण चिन्हात टाका.

पण खरं सांगू का, सारखं नवीन काहीतरी सर्च करत बसण्यापेक्षा एक चांगला लेख पकडा आणि त्यालाच धरून ठेवा. समजा इरा क्लाइन यांचा प्लेग आणि लोकांच्या असंतोषावरचा १९८८ चा लेख घेतलात, मॉडर्न एशियन स्टडीजमधला. त्याच्या तळटीपांवरून मागचं साहित्य मिळतं, आणि स्कॉलरवर त्याच्या खाली 'साइटेड बाय' दिसतं त्यावर क्लिक केलंत की पुढे कोणी कोणी त्याचा आधार घेतला ती सगळी यादी येते, तिथेच वर त्या यादीपुरतं शोधायची टिक असते, ती करून परत पूना टाका, बराच कचरा आपोआप गळतो. बहुतेक जण ती टिक बघतच नाहीत!

शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध तुकड्यातुकड्यात अपलोड केलेले असतात, त्यातली संदर्भसूचीची पीडीएफ आधी उघडा. प्रबंधांचा दर्जा काय, कमी-जास्तच, पण सूची कामाची असते.

मूळ कागद हवे असतील तर स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने ब्रिटिश काळातले भारतातले वैद्यकीय रिपोर्ट स्कॅन करून फुकट ठेवलेत, प्लेगचेसुद्धा आहेत. मराठी बाजूसाठी केसरीचे जुने अंक बघावेच लागतील, नाहीतर सगळा प्रबंध साहेबाच्या नजरेतून होईल.

लेखाला पैसे मागितले तर लगेच भरू नका. जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट अकाउंट काढून महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. शिवाय २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू आहे, त्यात सरकारी विद्यापीठांना मोठमोठ्या प्रकाशकांची जर्नल्स मिळतात, पुणे विद्यापीठात असाल तर तिथल्या जयकर ग्रंथालयात जाऊन लॉगिनचं विचारा.

आणि एआयला संदर्भ मागू नका हो, लेखक, वर्ष, पान नंबर सगळं झोकात देतो आणि कधीकधी तसा लेखच नसतो. मागितलेच तर प्रत्येक नाव स्कॉलरवर टाकून बघा.