नर्सिंग असोसिएट व्हावे की थेट नर्सिंगची पदवी घ्यावी?

प्रश्न : मी मूळची सांगलीची, वय ३६, शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. लग्नानंतर इंग्लंडमध्ये लेस्टरला आले आणि आता आम्हाला येथे कायम वास्तव्याची परवानगी मिळाली आहे. गेली तीन वर्षे एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एका रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात हेल्थकेअर असिस्टंट म्हणून बँड ३ या वेतनश्रेणीवर काम करते. वॉर्ड मॅनेजरने मला नर्सिंग असोसिएटच्या, म्हणजे असिस्टंट आणि नर्स यांच्यामधल्या पदाच्या, शिकाऊ जागेसाठी अर्ज करायला सुचवले आहे. दोन वर्षांची फाउंडेशन डिग्री आहे आणि पगार चालू राहतो. माझे थोरले बंधू मात्र म्हणतात की ही अर्धी नर्स होण्याची वाट आहे, शिकायचेच तर तीन वर्षांची पदवी घे. मुले सहा आणि नऊ वर्षांची आहेत, आणि मला गणिताची धास्ती वाटते. शिवाय माझी भाची यंदा सांगलीत बारावी सायन्स झाली. तिलाही याच अभ्यासक्रमासाठी इकडे आणता येईल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही अर्ज करावा आणि भाचीला मात्र या अभ्यासक्रमासाठी बोलावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही सल्ल्यांचे कारण एकच आहे. जी माणसे इंग्लंडमध्ये आधीपासून शुश्रूषेचे काम करत आहेत, पण ज्यांच्या हाती कोणतीही नोंदणीकृत पात्रता नाही, त्यांना नोकरी न सोडता पुढे जाता यावे यासाठी हे शिक्षण मुख्यतः आखलेले आहे. तुम्ही नेमक्या त्या माणसांपैकी आहात आणि तुमची भाची तशी नाही.

बंधूंचा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्यामागे इतिहास आहे. ब्रिटनमध्ये १९४३ च्या कायद्याने दुय्यम दर्जाच्या परिचारिकांची वेगळी नोंदणी सुरू झाली आणि पुढे त्यांना एनरोल्ड नर्स म्हटले जाऊ लागले. त्यांचे प्रशिक्षण दोन वर्षांचे असे. कॅरिबियन बेटांतून आणि राष्ट्रकुलातील इतर देशांतून आलेल्या अनेक तरुणींना, पूर्ण प्रशिक्षणाची पात्रता असतानाही, या दोन वर्षांच्या वाटेकडे वळवले गेले. त्यांना बढती मिळेना आणि मायदेशी त्या प्रशिक्षणाला किंमत नव्हती. नर्सिंग शिक्षणातील ‘प्रोजेक्ट २०००’ या सुधारणेनंतर ते प्रशिक्षण बंद झाले. त्यामुळे आज पुन्हा दोन वर्षांचे शिक्षण आणि नर्सच्या खालचे पद असे शब्द कानी पडले की ‘अर्धी नर्स’ हा शेरा येणे स्वाभाविक आहे, आणि खुद्द इंग्लंडमधील जुन्या परिचारिकांनीही ही शंका बोलून दाखवली होती.

सध्याची रचना मात्र दोन बाबतींत वेगळी आहे. पहिली बाब तिच्या उगमाची. मिड स्टॅफर्डशायरमधील रुग्णालयाच्या हेळसांडीवरील फ्रान्सिस अहवाल २०१३ मध्ये आला आणि त्याच वर्षी हेल्थकेअर असिस्टंटांच्या तुटपुंज्या प्रशिक्षणावर बोट ठेवणारा कॅव्हेंडिश अहवालही आला. २०१५ मध्ये लॉर्ड विलिस यांच्या अध्यक्षतेखालील आढाव्याने असिस्टंट आणि नर्स यांच्यामधली पोकळी भरण्याची शिफारस केली. त्यातून नर्सिंग असोसिएट हे पद निघाले आणि जानेवारी २०१९ पासून नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल ही ब्रिटनमधील परिचारिकांची नियामक संस्था त्याची स्वतंत्र नोंदणी करू लागली. ही नोंदणी झाल्याशिवाय इंग्लंडमध्ये कोणालाही स्वतःला नर्सिंग असोसिएट म्हणवता येत नाही. नोंदणीबरोबर जबाबदारीही येते. दर तीन वर्षांनी ४५० तासांचे काम आणि ३५ तासांचे पुढील शिक्षण दाखवून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि गंभीर चूक झाल्यास नर्सप्रमाणेच कौन्सिलपुढे स्वतःच्या नावाने उत्तर द्यावे लागते. दुसरा फरक असा की येथून पूर्ण नर्स होण्याचा रस्ता खुला आहे. आधीच्या शिक्षणाची सूट मिळाल्यामुळे तो साधारण दीड ते दोन वर्षांत पार करता येतो.

तरीही एका मुद्द्यावर बंधूंचे म्हणणे खरे आहे. नर्सिंग असोसिएट म्हणजे नर्स नव्हे, आणि हा फरक वॉर्डात रोज जाणवतो. तुमच्याच वॉर्डातल्या एखाद्या आजोबांच्या पाठीला शय्याव्रण झाले आहे असे समजा. जखमेचे ड्रेसिंग करणे, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे देणे, रक्ताचा नमुना घेणे, ईसीजी काढणे, लघवीच्या नळीची काळजी घेणे, जखम चिघळत असल्याचे ओळखून वेळीच कळवणे ही सर्व कामे असोसिएट करते. मात्र रुग्णाचे मूल्यमापन करून शुश्रूषेची योजना आखणे, ती बदलणे आणि इतरांच्या कामाचे नेतृत्व करणे ही जबाबदारी नोंदणीकृत नर्सची असते. कागदावर ही सीमा स्पष्ट आहे, पण मनुष्यबळ अपुरे असलेल्या रात्रपाळीत ती पुसट होते. असोसिएटला नर्सच्या जागी उभे करून पगार मात्र असोसिएटचा देण्याचा मोह व्यवस्थापनाला होऊ शकतो. तेव्हा आपल्या अधिकारात न बसणाऱ्या कामाला नम्रपणे पण ठामपणे नकार देण्याची तयारी ठेवावी लागते. हा धोका मला गणितापेक्षा मोठा वाटतो.

आता शिक्षणाच्या स्वरूपाविषयी. फाउंडेशन डिग्री ही ब्रिटिश चौकटीतील पाचव्या पातळीची पात्रता आहे, म्हणजे ऑनर्स पदवीच्या पहिल्या दोन वर्षांइतकी. हा अभ्यासक्रम किमान २,३०० तासांचा असतो आणि त्यातील निम्मे शिक्षण प्रत्यक्ष रुग्णसेवेतून होते. तुम्ही नोकरी सांभाळून शिकाल तेव्हा किमान २० टक्के वेळ विद्यापीठातील अध्ययनाला आणि किमान २० टक्के वेळ स्वतःच्या वॉर्डाबाहेरील ठिकाणी शिकण्याला मिळालाच पाहिजे, आणि उरलेल्या शिक्षणाच्या तासांसाठीही राखीव वेळ ठेवला पाहिजे, असा कौन्सिलचा दंडक आहे. बालरुग्ण, मानसिक आरोग्य, बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती आणि सर्वसाधारण प्रौढ रुग्ण या चारही क्षेत्रांची ओळख त्यात व्हावी लागते. तीन वर्षे एकाच वॉर्डात काढलेल्या व्यक्तीला बाहेरच्या या नेमणुकाच सर्वाधिक शिकवून जातात. त्याच वेळी घराची घडीही त्याच विस्कटतात, कारण नेमणूक शहराच्या दुसऱ्या टोकाला असू शकते, पाळ्यांच्या वेळा बदलतात आणि शाळेतून मुलांना आणण्याची व्यवस्था ऐनवेळी कोलमडते. पहिले सत्र सुरू होण्यापूर्वीच याबद्दल पतीशी सविस्तर बोलून घ्या.

गणिताबद्दल दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशासाठी इंग्रजी आणि गणित यांत जीसीएसई या ब्रिटनच्या शालेय परीक्षेची चौथी श्रेणी किंवा फंक्शनल स्किल्स या व्यवहारोपयोगी परीक्षेची दुसरी पातळी सहसा लागते. तुमची दहावीची गुणपत्रिका समकक्ष धरायची की नाही हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते, म्हणून आधी त्यांना लेखी विचारा. ती मान्य झाली नाही तर फंक्शनल स्किल्सचे वर्ग इंग्लंडमधील प्रौढांना सहसा विनामूल्य मिळतात आणि थोड्या महिन्यांत पूर्ण होतात. दुसरी गोष्ट अभ्यासक्रमातील औषधमात्रांच्या गणिताची परीक्षा. तिच्यात शंभर टक्के गुण मिळवावेच लागतात. हे ऐकून दचकू नका, कारण बीजगणित वा भूमिती तेथे नसते. पाच मिलिलिटर औषधात २५० मिलिग्रॅम घटक असेल आणि रुग्णाला ४०० मिलिग्रॅम द्यायचे असतील तर किती मिलिलिटर काढाल, अशा स्वरूपाचे ते प्रश्न असतात. उत्तर आठ मिलिलिटर. बी.कॉम.ला हिशेब केलेल्या व्यक्तीला हे सरावाने निश्चित जमेल. शंभर टक्क्यांची अट मला योग्यच वाटते.

पैशाचा हिशेब मात्र नीट मांडायला हवा, कारण तुमच्या निर्णयाचा कल त्यावरच ठरेल. २०२५-२६ च्या एनएचएस वेतनश्रेणीनुसार इंग्लंडमध्ये बँड ३ चा पगार वर्षाला २४,९३७ पौंडांपासून, असोसिएटच्या बँड ४ चा २७,४८५ पौंडांपासून आणि नर्सच्या बँड ५ चा ३१,०४९ पौंडांपासून सुरू होत होता. म्हणजे असोसिएट झाल्यावर होणारी वाढ माफक आहे आणि केवळ तेवढ्यासाठी दोन वर्षांची दगदग करावी असे मी म्हणणार नाही. खरा लाभ पुढच्या पायरीचा आहे. शिकाऊ जागा अप्रेंटिसशिपची असल्याने विद्यापीठाची फी तुम्हाला भरावी लागत नाही आणि पगार सुरू राहतो. उलट तीन वर्षांच्या पदवीला २०२५-२६ च्या दराने वर्षाला ९,५३५ पौंड, म्हणजे एकूण साडेअठ्ठावीस हजार पौंडांहून अधिक फी होते. तुमचे बी.कॉम. झालेले असले तरी नर्सिंगसाठी विद्यार्थी कर्ज मिळू शकते. शिवाय एनएचएसकडून वर्षाला ५,००० पौंडांचे आणि लहान मुले असणाऱ्यांना आणखी २,००० पौंडांचे, परत न करावे लागणारे साहाय्यही मिळते. तरीही तीन वर्षे तुमचा पगार बंद राहील आणि वॉर्डातील प्रशिक्षणाचे दोन हजारांहून अधिक तास बिनपगारी भरावे लागतील. घरातील एका पगारावर तीन वर्षे निभावणे शक्य असेल तर बंधूंचा मार्ग एक वर्षाने लवकर नर्स करतो. तसे नसेल तर दोन अधिक दोन अशा चार वर्षांचा तुमच्या मॅनेजरने सुचवलेला मार्ग अधिक सुरक्षित आहे.

या दोघांच्याही बोलण्यात न आलेली एक तिसरी वाट येथे सांगायला हवी. पदवीधरांसाठी काही विद्यापीठांत दोन वर्षांचा नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो आणि तो पूर्ण करणारी व्यक्ती थेट नर्स म्हणून नोंदली जाते. कोठे कोणत्याही शाखेची पदवी चालते, कोठे आरोग्य वा समाजशास्त्राशी संबंधित पदवीच लागते, पण रुग्णसेवेच्या अनुभवाला सर्वत्र महत्त्व असते आणि तो तुमच्याकडे भरपूर आहे. यातही पगार बंद होतो, मात्र दोनच वर्षे. अप्रेंटिसशिपचा अर्ज करण्यापूर्वी जवळच्या दोन-तीन विद्यापीठांना तुमची बी.कॉम.ची गुणपत्रिका पाठवून चौकशी करा. उत्तर नकारार्थी आले तरी निर्णय डोळसपणे घेतल्यासारखे होईल.

अप्रेंटिसशिप निवडलीत तर करारावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्या. दोन वर्षांनंतर बँड ४ ची जागा मिळण्याची हमी आहे की ती स्वतंत्र मुलाखतीवर अवलंबून आहे, हे विचारा. एनएचएसच्या २०२३ च्या मनुष्यबळ योजनेत २०३१-३२ पर्यंत नर्सिंग असोसिएटच्या वार्षिक प्रशिक्षण जागा १०,५०० पर्यंत नेण्याचे उद्दिष्ट होते, परंतु राष्ट्रीय योजनेतील आकडा म्हणजे तुमच्या रुग्णालयातील रिकामी जागा नव्हे. त्यानंतर पूर्ण नर्स होण्यासाठी तेच रुग्णालय पुढे पाठवते का, किती जणांना पाठवते आणि मध्ये किती वर्षे थांबावे लागते, हेही विचारा. या प्रश्नाचे उत्तर गोलमोल आले तर मी सावध होईन, कारण तुमच्या बाबतीत या मार्गाचे निम्मे मोल त्या दुसऱ्या टप्प्यात आहे. मध्येच सोडून गेल्यास फी परत द्यावी लागेल असे कोणी म्हणाले तर लक्षात असू द्या की सरकारी नियमांनुसार अप्रेंटिसशिपच्या शिक्षणाचा खर्च शिकणाऱ्याकडून वसूल करता येत नाही. आधीच्या तुकडीतील एखाद्या असोसिएटला भेटून राखीव वेळ प्रत्यक्षात मिळतो का, हेही पाहा. माहितीपत्रकापेक्षा तिची माहिती अधिक उपयोगी पडेल.

भाचीच्या बाबतीत उत्तर थोडक्यात देतो. अप्रेंटिसशिपसाठी काम करण्याचा हक्क लागतो आणि सर्वसाधारणपणे त्यापूर्वीची तीन वर्षे ब्रिटनमधील वास्तव्यही लागते, त्यामुळे तो मार्ग तिला बंद आहे. स्वतः फी भरून कोठे प्रवेश मिळालाच तरी हाती येणारी पात्रता नर्सची नसेल. हे पद स्कॉटलंड वा उत्तर आयर्लंडमध्येही नाही, आणि भारतात त्या पात्रतेवर नर्स म्हणून नोंदणी होणार नाही. याउलट महाराष्ट्रात सीईटी देऊन चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग केले किंवा तीन वर्षांची जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घेतली, तर ती पूर्ण नर्स होते, भारतात नोकरी करू शकते आणि इच्छा असल्यास ब्रिटनच्या कौन्सिलकडे नर्स म्हणूनच अर्ज करू शकते. त्यासाठी संगणकावरील परीक्षा, ब्रिटनमध्ये होणारी प्रात्यक्षिक परीक्षा आणि इंग्रजीची पात्रता लागते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषण यांत ७ आणि लेखनात ६.५ हवेत. चार वर्षे हाताशी असताना इंग्रजीची तयारी पहिल्या वर्षापासूनच सुरू करता येईल. आणि ब्रिटनमध्ये नर्सची नोकरी लावून देण्यासाठी एखादा एजंट तिच्याकडे पैसे मागू लागला तर तेथेच थांबावे, कारण नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेण्यास ब्रिटनच्या नियमांत मनाई आहे.