स्टेपनी पोटाखाली असेल तर दुसरा दोर चेसिसलाच बांधा

भाऊ, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पिकअप पाच वर्षांची, स्टेपनी मागे चेसिसखाली लटकते, पांधणीतून निघालं की खडखड वाजते. टायरवाल्याने ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून दिली, आणि आता तिथे जादा साखळी किंवा वायर रोप लावावी का, लावली तर कुठे अडकवावी, हे तुम्हाला हवं आहे.

लावाच. पण त्या ट्यूबच्या पट्ट्या आज संध्याकाळीच सोडा. त्यांनी आवाज दाबला, चाक तसंच ढिलं आहे. निदान आवाज तरी येत होता, आता तोही गेला.

मी एवढ्या जोरात का बोलतो ते सांगतो. माझी गाडी दर्यापूर भागात चालते, कापसाच्या दिवसांत अकोटच्या बाजाराला, एरवी जे भाडं मिळेल ते. चार हंगामांमागे अकोटला कापूस उतरवून रात्री रिकामा परत येत होतो. रिकामी पिकअप कशी उडते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एका मोरीच्या उंचवट्यावर मागे धप्प झालं. मला वाटलं डाल्यातली टॉमी, म्हणजे चाकाचे नट खोलायची सळई, पडली. आरशात पाहतो तर मागच्या मोटरसायकलचा लाईट एकदम आडवा झालेला. उतरून पळत गेलो. गाडी मुरमात कलंडलेली, नवरा-बायको उभे, बाईने त्याच्या शर्टाचा मागचा भाग मुठीत घट्ट धरलेला. तो माणूस शिव्या द्यायचंही विसरला होता. म्हणाला, "बाप्पा, चाक आलं ना अंगावर."

चाक सकाळी सापडलं. तुरीच्या वावरात दोन ओळी झोपवून सरळ रेघ गेली होती आणि रेघेच्या टोकाला धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकून चाक उभं, कोणी नीट ठेवल्यासारखं. रिमसकट पंचवीसेक किलोचं ते धूड. गाडी ताशी ६० च्या वेगाने चालली असेल तर सुटलेल्या चाकातही तोच वेग असतो. तेवढा वेग येण्यासाठी ते चाक चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीवरून खाली टाकावं लागेल. समोरून येणाऱ्याला लागलं तर त्याचाही वेग त्यात मिळतो.

नंतर स्टेपनी जिच्यावर लटकते त्या केबलचं तुटलेलं टोक हातात घेऊन पाहिलं. वरून काळं ग्रीस, दिसायला धडधाकट. बोटाने पिळलं तर आतून लाल भुकटी निघाली आणि तारा केरसुणीसारख्या फिसकारल्या. बाहेरच्या चार-पाच तारा ताज्या, चकचकीत तुटलेल्या, बाकी सगळ्या आधीच कधीच्या मेलेल्या. म्हणजे शेवटी चाक पेललं होतं ते त्या चार-पाच तारांनी.

कारण माझ्याच अंगणात होतं. आमचा हा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि त्याच पाण्याने मी दर आठवड्याला गाडी खालून पाइप मारून धूत होतो, चिखल राहू नये म्हणून! अमेरिकेत थंडीच्या राज्यांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने स्टेपनीची केबल गंजून चाक पडू शकतं म्हणून २०१० साली टोयोटाने तिथल्या सुमारे सहा लाख सिएना गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, १९९८ पासूनच्या मॉडेलच्या. आपल्याकडे बर्फ नाही, पण आमच्या या पूर्णा नदीच्या खोऱ्यात मीठ जमिनीतूनच वर येतं. तुम्ही वणी-पांढरकवड्याकडचे असाल तर मिठाचा त्रास कमी, पण काळी माती आहेच. ती ओली असताना केबलच्या तोंडाशी बसते आणि ओल धरून ठेवते, आणि मे महिन्यात वाळली की विटेसारखी होते.

आता स्टेपनी वर ओढून धरणारी ती चक्री चालते कशी हे थोडं पाहा, म्हणजे दोर कुठे बांधायचा हे आपोआप कळेल. मागच्या भोकातून दांडा घालून आपण फिरवतो तेव्हा आतल्या दात्यांवरून केबल किंवा साखळी गुंडाळली जाते. तिच्या टोकाला एक आडवी पट्टी असते, ती रिमच्या मधल्या भोकातून तिरपी घालून आडवी बसवायची, मग चाक वर. म्हणजे पट्टी, केबल, चक्री, चक्रीचा ब्रॅकेट, ब्रॅकेटचे बोल्ट अशी एकच रांग, आणि रांगेतलं एक सुटलं की सगळं सुटलं. यातलं सगळ्यात जास्त काय सुटतं? गंज नसेल तर केबल आपणहून सहसा तुटत नाही. आधी चाक ढिलं राहतं, मग प्रत्येक खड्ड्यात हलतं, आणि केबल एकाच जागी वाकून वाकून झिजते. म्हणून तुमची खडखड हा खरा रोग आहे. चाक वर घेताना दांडा जड झाल्यावर थांबू नका. बऱ्याच चक्र्यांत पुरेसं आवळलं की कट-कट करून घसरतं, तोवर फिरवा. मग खाली वाकून दोन्ही हातांनी चाक ढकला. हललं तर आवळलेलं नाही, किंवा पट्टी रिममध्ये तिरपी बसली आहे. पुन्हा उतरवा, पुन्हा बसवा. पन्नासेक किलोमीटरनंतर परत एकदा पाहा.

जाता जाता, स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावचा. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास आऱ्या नसलेलं जादा चाक विकायला काढलं होतं. तिकडे शब्द विसरले, आपल्याकडे टायरवाल्याच्या पाटीवर अजून आहे.

दोराकडे येऊ. मी पहिल्यांदा बांधला तेव्हा मोठ्या ऐटीत बांधला, नवी वायर रोप, नवे क्लॅम्प, आणि अडकवला कुठे तर चक्रीच्याच ब्रॅकेटला. हात सहज पोचतो ना तिथे! मिस्त्रीने खाली झोपून पाहिलं आणि हसत बाहेर आला. "भाऊ, जे पडनार हाये त्यालेच बांधून ठेवलं तुमी." ब्रॅकेटचे बोल्ट गेले असते तर चाक, चक्री आणि माझा दोर असे तिघेही सोबत रस्त्यावर आले असते.

दोर चेसिसला किंवा आडव्या क्रॉस मेंबरला, कंपनीनेच ठेवलेल्या भोकातून. नवं भोक पाडू नका, आणि डिझेलच्या टाकीजवळ वेल्डिंग तर नाहीच नाही. स्प्रिंगच्या पाट्यांना, अॅक्सलला बांधू नका, ते वर-खाली होतात आणि दोर कधी ताणतो कधी लोंबतो. ब्रेकचा पाइप आणि सायलेन्सर यांच्यापासून हातभर नाही तरी चांगली वीतभर दूर.

चाकाकडचं टोक जास्त विचाराचं आहे. बरेच लोक रिमच्या कडेच्या एका भोकातून साखळी ओवतात आणि झालं म्हणतात. पाळण्याची एकच दोरी बांधली तर काय होईल? केबल तुटली की चाक त्या एका भोकावर उभं लटकणार. आपल्या पिकअपचा टायर उभा सत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे खालची कड रस्त्यावर घासणार, नाहीतर मागच्या अॅक्सलमध्ये जाऊन अडकणार. म्हणून समोरासमोरच्या दोन भोकांतून दोर घ्या आणि वर झोळीसारखा आणा, म्हणजे चाक पडलं तरी आडवंच राहतं. भोकाच्या कडा धारदार असतात, तिथे जुन्या डिझेल पाइपचा तुकडा दोरावर चढवा.

लांबी चार बोटं ढिली, म्हणजे सातेक सेंटिमीटर. अगदी ताठ बांधला तर रोजचा भार दोरच घेतो, चक्री नुसती बसून राहते, आणि मग तुमच्याकडे दुसरा आधार उरत नाही. फार ढिला ठेवला तर चाक जमिनीला लागतं. आणि हे माप रिकाम्या गाडीवर घेऊ नका. कापूस भरला, पाटे बसले, गाडीचा मागचा भाग खाली आला, तेव्हाचं अंतर खरं. भरलेल्या गाडीतही सुटलेलं चाक रस्त्यापासून वीतभर वर राहिलं पाहिजे. ढिलाईचा एक फायदा असा की केबल गेली की चाक चार बोटं खाली येऊन ढणढण वाजायला लागतं आणि तुम्ही थांबता.

ताकद किती हवी? पंचवीस किलोचं चाक म्हणून पंचवीस किलो पेलणारी सुतळी चालेल असं नाही. सात सेंटिमीटर पडून ते एका सेंटिमीटरात थांबलं तर त्या क्षणी झटका दोनशे किलोचा बसतो, आणि पुढे खड्डे आहेतच. चांगली ६ मिलिमीटरची जस्त चढवलेली वायर रोप तुटायला दोन टनांच्या आसपास ताण लागतो, ती भरपूर झाली. साखळी घ्यायची तर वेल्डिंगच्या कड्यांची घ्या. पोळ्याच्या बाजारात मिळते ती बैलाची साखळी आणू नका, तिच्या कड्या नुसत्या वळवलेल्या असतात, झटक्याने उघडतात. ताडपत्रीचा रॅचेट बेल्ट मी दोन महिने वापरून पाहिला. चिखलातल्या खड्यांनी कडा कुरतडल्या, आणि सायलेन्सरच्या बाजूचा भाग कडक होऊन चकाकायला लागला होता.

वायर रोपचं टोक वळवून केलेल्या डोळ्यात थिंबल, म्हणजे लोखंडी खोबण, घाला आणि प्रत्येक टोकाला तीन यू-क्लॅम्प, एकमेकांपासून दोन बोटांवर. इथे निम्मे लोक चुकतात. क्लॅम्पचा जाड, खाचांचा भाग भार घेणाऱ्या लांब दोरावर आला पाहिजे, आणि यू वळवलेल्या छोट्या टोकावर. उलटं लावलं तर यू भाराच्याच दोराला चिरडतो. एकदा चाक दोरावर लटकवून झटका द्या आणि नट पुन्हा आवळा, पहिल्या ताणाला रोप बारीक होते. चेसिसकडे डी-शॅकल, म्हणजे पिनेची डी आकाराची कडी, लावला तर त्याच्या पिनेला बाइंडिंग तार गुंडाळा, नाहीतर थरथरून पीन महिन्याभरात हातात येते.

कुलूप लावू का, असंही तुम्ही विचारलंय, चोरीसाठी. मी लावलं होतं. पावसाळ्यानंतर किल्ली फिरली नाही आणि पंक्चर झालेल्या गाडीखाली, भर रात्री, मी छन्नीने कुलूप फोडत होतो. त्यापेक्षा नायलॉन रिंगचा लॉक नट लावा आणि त्या मापाचा पाना टॉमीसोबत ठेवा. एकदा अंधारात बॅटरी धरून स्वतः सोडून पाहा, किती वेळ लागतो ते.

देखभाल म्हणाल तर दसऱ्याला आपण सगळे गाडी धुतो, झेंडूचा हार बॉनेटवर घालतो, नारळ फोडतो. मी त्याच दिवशी सकाळी स्टेपनी पूर्ण खाली घेतो, केबल शेवटपर्यंत बाहेर काढून फडक्याने पुसतो, बोटाने चाचपत जातो. एक जरी तार टोचली तर केबल बदलतो. मृगाच्या आधी पुन्हा एकदा. जळकं ऑइल ओतू नका, त्याला माती चिकटून लगदा होतो, पातळ तेल पुरतं. चाक खाली आलंच आहे तर हवाही पाहून घ्या. उतरवताना खाली भरलेलं पोतं किंवा जुना टायर ठेवा आणि आपण बाजूला. चाक अडकलं म्हणून नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरणारे मी पाहिले आहेत, तसं करू नका.

एक मात्र आधी तपासा. खडखड उजवीकडून जास्त येते असं तुम्ही लिहिलंय. स्टेपनी मधोमध असते. चाक दोन्ही हातांनी ढकलून हललं नाही तर उजव्या बाजूचं सायलेन्सरचं रबर बघा, ते तुटलेलं असलं तर हुबेहूब असाच आवाज येतो. तरी पट्ट्या सोडाच, आणि चाक खाली घ्याल तेव्हा केबलच्या टोकाचा जवळून एक फोटो टाका, पाहून सांगतो.