बोगद्यात थांबलेला ठिपका

घरच्या माणसांचं ठिकाण फोनवर पाहणाऱ्या ॲप्सबद्दल कोकणातल्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न.

सोळा वर्षांची मुलगी चिपळूणहून रोज रेल्वेने रत्नागिरीला अकरावीला जाते. परवा मॅप्सवर तिचा ठिपका उक्षीजवळ पाऊण तास हलला नाही. तिला बंद करता येणार नाही, कळणारही नाही असं ॲप कुठलं?

आधी उक्षीचं. उक्षी आणि भोके या स्टेशनांमध्ये साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे. फोनला स्वतःची जागा कळते उपग्रहांवरून, पण ती तुमच्यापर्यंत पोचते मोबाइल डेटावरून. बोगद्यात दोन्ही बंद. त्यात क्रॉसिंगला गाडी थांबली की पाऊण तास सहज जातो. म्हणून ठिपका पाहताना आधी शेजारची वेळ वाचा. '४० मिनिटांपूर्वी' असेल तर ती जुनी जागा आहे. मुलगी आत्ता कुठे आहे ते त्यावरून कळत नाही. बॅटरी किती उरली तेही तिथेच दिसतं.

लपून चालणारं ॲप मात्र घेऊ नका. अशी ॲप्स बहुतेक वेळा प्ले स्टोअरबाहेरून टाकावी लागतात, त्यासाठी प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप्स शोधणारी गूगलची सोय) बंद करायला सांगतात, आणि मग जागेबरोबर मेसेज, फोटो, कॉलची यादी असं सगळं कुठल्याशा अनोळखी सर्व्हरवर जातं. मुलीची राखण म्हणून तिचीच माहिती परक्याच्या ओटीवर मांडायची! शिवाय या वयाच्या मुलांना असलं ॲप सापडायला वेळ लागत नाही. मग फोन मैत्रिणीच्या दप्तरात आणि मुलगी भलतीकडे. तुम्हाला ठिपका मात्र वर्गात सुखरूप दिसतो.

गूगल मॅप्सच पुरे. वर उजवीकडच्या प्रोफाइल फोटोवर टॅप करा, 'लोकेशन शेअरिंग' उघडा, माणूस आणि मुदत निवडा. 'बंद करेपर्यंत' न ठेवता प्रवासापुरते दोन तास ठेवा, आणि ते तिच्याच हाताने सुरू होऊ दे. तुमचंही ठिकाण तिला दिसू दे. वेगळं ॲप घ्यायचंच असेल तर ते माहिती कोणाला विकतं हे आधी पाहा. लाइफ३६० हे ॲप लोकांच्या ठिकाणांची माहिती दलालांना विकत असल्याचं डिसेंबर २०२१ मध्ये बातम्यांतून उघड झालं, तेव्हा कुठे पुढच्या महिन्यात कंपनीने नेमक्या ठिकाणांची विक्री बहुतांशी बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आई गुहागरला एकटी असते, आम्ही ठाण्याला. तिचं ठिकाण दिसतं, पण मधेच कितीतरी तास अडकून राहतं.

फोन बॅटरी वाचवायला मॅप्सला झोपवतो. फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, मग मॅप्स. तिथे लोकेशनची परवानगी 'नेहमी' आणि बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. शाओमी, विवो, ओप्पोच्या बऱ्याच फोनांत 'ऑटोस्टार्ट'ही चालू करावं लागतं. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. पावसाळ्यात वीज गेली की काही तासांनी टॉवरचीही बॅटरी उतरते, त्याला इलाज नाही.

आणि एक ध्यानात ठेवा, ठिपका फोनचा असतो. आई आगरात सुपाऱ्या गोळा करत असते, फोन ओटीवर चार्जिंगला. ती पाय घसरून पडली तरी ठिपका घरातच दिसणार. त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळचा फोन आणि शेजारच्या काकूंचा नंबर जास्त कामाचा. हे सगळं तिला विचारून करा, 'आई, आम्हाला दिसू दे ना' एवढं म्हणायला काय जातं?

मी कुडाळला माहेरी गेले, बाजारात गेले, कुणाला न सांगताही नवऱ्याला कळतं. फोनमध्ये काही टाकलंय का?

याच क्रमाने बघा. मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग कोणाला चालू आहे. गूगल खात्यात 'युअर डिव्हाइसेस' उघडून अनोळखी फोन दिसतो का; तुमचं खातं दुसऱ्या फोनवर उघडं असेल तर वेगळं ॲप टाकायची गरजच नसते. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस'. सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' इथे ओळखीचं नसलेलं काही चालू आहे का. शेवटी प्ले स्टोअरमधून प्ले प्रोटेक्टचा स्कॅन.

सापडलं तर लगेच काढू नका. काढताक्षणी समोरच्याला कळतं, आणि घरात मारहाणीची भीती असेल तर तोच क्षण धोक्याचा. जे दिसलं त्याचा फोटो दुसऱ्या फोनवरून काढा. मदतही त्या दुसऱ्याच फोनवरून मागा: महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादाच्या वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. नवराबायकोत लपवायचं काय, हे वाक्य तिथे चालत नाही.

गणपतीला मुंबईहून चार गाड्या एकत्र निघतो. कोणतं ॲप?

नवीन काही नको. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन, ८ तासांचं. त्या दिवसांतली वाहतूक पाहता सावंतवाडीपर्यंत ते संपेल, मधे पुन्हा लावा. फक्त गाडीतल्या माणसांचा वेगळा ग्रुप करा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंत तर मुंबईचं घर रिकामं आहे हे सगळ्यांना कळलं.

मालक हर्णैहून मासेमारीला जातात. त्यांची होडी फोनवर दिसेल का?

किनाऱ्याची रेंज सुटली की नाही. फोनचा जीपीएस समुद्रातही चालतो, त्यांना आपली जागा कळत राहते, पण तुमच्याकडे पाठवायला नेटवर्क नसतं. त्यासाठी ट्रान्सपाँडर लागतो, तो उपग्रहावरून बोलतो. एक लाख बोटींवर तो बसवायच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झाला. आपल्या बोटीचं मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर संकटाचा चॅनेल १६. घरी कागदावर बोटीचा नोंदणी क्रमांक, खलाशी किती, परत कधी एवढं लिहून ठेवा, म्हणजे वेळ आली तर तटरक्षक दलाला १५५४ वर सांगता येईल.

आणि रेंजमध्ये असतानाचं ठिकाण बंदरावरच्या मोठ्या ग्रुपवर टाकायला त्यांना सांगू नका. मासळी कुठे लागली हे कुठलाही तांडेल फुकट सांगत नाही.