आधी अबोला सोडा, ब्रँचचं नंतर बघू

सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते सहकारी बँकेत शाखाधिकारी आहेत. मुलगा बारावी सायन्सला. दहावीला ९१ टक्के होते, आता क्लासच्या टेस्टमध्ये फिजिक्स-केमिस्ट्री साठीच्या आसपास घुटमळतंय. त्याला जपानमध्ये जाऊन व्हिडिओ गेम बनवायचे आहेत. वडील विचारतात, "गेम बनवणारे सगळे कॉम्प्युटर इंजिनीअरच असतात ना? मग निदान तेवढं तरी करू दे. कॉम्प्युटर घ्यावं की एआय?" पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं, आणखी काही आहे. दिवाळीनंतर त्यांनी मुलाची ग्राफची वही रद्दीत घातली, कारण तिच्यात अभ्यासाचं काही नव्हतं, नुसते गेमचे नकाशे होते. मुलाने आरडाओरडा केला. तेव्हापासून परीक्षा होईपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आहे.

सप्रेम नमस्कार,

ब्रँचबद्दल लिहितोच, पण आधी तुमच्या शेवटच्या ओळींबद्दल लिहू द्या. मला काळजी तिथली वाटते, साठ टक्क्यांची नाही.

वहीपासून सुरुवात करतो. १९८५ साली क्योतोच्या निंटेंडो कंपनीने 'सुपर मारिओ ब्रदर्स' बाजारात आणला. तुम्हीही तुमच्या तरुणपणी कुणाच्या तरी घरी टीव्हीला जोडलेला पाहिला असेल. त्याचे टप्पे शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी ग्राफ पेपरवर हाताने काढले होते. बदल करायचा झाला की वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर दुरुस्ती करायची आणि कागद प्रोग्रामरकडे द्यायचा. मग प्रोग्रामर त्यावरून आकडे मशीनमध्ये भरणार. अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता, म्हणून आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकाच चित्रातून काढली, फक्त रंग बदलले. कधी तो गेम मिळाला तर मुलाशेजारी बसून नीट बघा, दोन्हींचा आकार एकच आहे.

आता त्यातला पहिला टप्पा बघा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, त्यामुळे कुठे जायचं ते सांगावं लागत नाही. समोरून एक छोटा प्राणी चालत येतो. त्याला धडकलात की संपलं. पुढच्या खेपेला तुम्ही आपसूक उडी मारता. उडी मारताना वरच्या ठोकळ्याला डोकं लागतं आणि त्यातून मशरूम निघतं. ते उजवीकडे सरकत जातं, पाइपाला आपटतं आणि उलटं तुमच्याच दिशेने येतं. नुकताच शत्रूला घाबरलेला खेळाडू त्यालाही चुकवायला बघतो, पण डोक्यावर विटा असल्यामुळे उडी पुरत नाही आणि मशरूम अंगावर येतंच. मारिओ मोठा होतो. एक अक्षर न वाचता खेळाडू चार गोष्टी शिकलेला असतो. हे आपोआप घडत नाही. कोणीतरी कागदावर चौकोन मोजून, कुठे पाइप आणि कुठे वीट, हे ठरवलेलं असतं.

तुमच्या मुलाची वही मी पाहिलेली नाही. कच्चीच असणार, सतराव्या वर्षी सगळ्यांचं कच्चंच असतं. पण तिच्यात अभ्यासाचं काही नव्हतं, हे तुमचं वाक्य चुकीचं आहे. या कामासाठी दार ठोठावताना जे हातात घेऊन जायचं असतं, नेमकं तेच तुम्ही रद्दीवाल्याच्या तराजूत टाकलंत. त्याने आरडाओरडा केला याचं मला नवल वाटत नाही.

आता अबोल्याबद्दल. सातोरू इवाता हे नाव तुमच्या मुलाला नक्की ठाऊक असेल. टोकियोच्या नामांकित तंत्रज्ञान संस्थेत कॉम्प्युटर सायन्स शिकलेला मुलगा, वडील होक्काइदोमधल्या मुरोरान शहराचे महापौर. पदवी झाल्यावर १९८२ साली तो हाल लॅबोरेटरी नावाच्या, गेम बनवणाऱ्या एका अगदी छोट्या कंपनीत गेला. शिकत असतानाच तो तिथे अर्धवेळ काम करत होता. एवढं शिकून मुलगा असल्या कंपनीत जातो हे वडिलांना पटलं नाही. सुमारे सहा महिने ते मुलाशी बोलले नाहीत. म्हणजे तुम्हाला जी शाखा हवी आहे तीच शाखा, उत्तम कॉलेजातून, त्या मुलाने केली होती, तरीही घरात अबोला आलाच! यावरून एक समजून घ्या: ब्रँच ठरली म्हणून तुमचं भांडण मिटणार नाही.

पुढे हाल कंपनी बुडायला आली. सुमारे दीडशे कोटी येनचं कर्ज डोक्यावर होतं. १९९३ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, इवाता अध्यक्ष झाले. त्यांनी एकेका कर्मचाऱ्याला समोर बसवून त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला सुरुवात केली आणि तो रिवाज पुढेही चालू ठेवला. सहा वर्षांत कर्ज फिटलं. २००२ साली ते निंटेंडोचे अध्यक्ष झाले. कृपा करून याचा अर्थ "बघा, बाप कडक होता म्हणून पोरगा घडला" असा लावू नका. अनेक पालक मला अशी उदाहरणं ऐकवतात आणि दरवेळी मला राग येतो. इवाता घडले ते अबोला असूनही. तुमच्या घरात बोर्डाच्या परीक्षेआधी मुलाशी न बोलणं याला मी शिस्त म्हणणार नाही, ती शिक्षा आहे. फिजिक्सचे गुण ज्या महिन्यांत घसरले, ते महिने आणि तुमच्या अबोल्याचे महिने एकदा कॅलेंडरवर शेजारी ठेवून बघा.

दुसऱ्या एका वडिलांबद्दलही सांगतो. मियामोतो कलामहाविद्यालयात औद्योगिक डिझाइन शिकले. मनात मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढायच्या होत्या. नोकरीचा पत्ता नव्हता. त्यांच्या वडिलांनी ओळखीच्या माणसामार्फत निंटेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांची भेट मिळवून दिली. यामाउचींनी काहीतरी करून दाखवायला सांगितलं. मियामोतो लहान मुलांच्या कपड्यांसाठी बनवलेले प्राण्यांच्या आकाराचे हँगर घेऊन गेले आणि १९७७ साली नोकरीला लागले. वडिलांनी दार उघडून दिलं, आत मुलगा स्वतःच्या हाताने केलेली वस्तू घेऊन गेला. तुमच्याकडून मला इतकंच हवं आहे.

आता तुमचा गैरसमज. तो तुमचा एकट्याचा नाही, आणि माझा अंदाज आहे की तुमच्या मुलाचाही तोच आहे. गेम म्हणजे प्रोग्रॅमिंग, म्हणून गेम बनवणारा म्हणजे कॉम्प्युटर इंजिनीअर, हे जपानच्या इतिहासात कुठेच टिकत नाही. 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) रचणारे युजी होरीई वासेदा विद्यापीठात साहित्य शिकले आणि मासिकांत लिहीत होते. त्याच गेमचं प्रोग्रॅमिंग कोइची नाकामुरा यांनी केलं. शाळेत असतानाच एनिक्स कंपनीच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेला हा पोरगा. चित्रं मांगाकार अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचं. 'स्ट्रीट फायटर २' मधलं बरंच संगीत योको शिमोमुरा यांचं आहे. त्या ओसाकाच्या संगीत महाविद्यालयात पियानो शिकल्या. १९८८ साली कॅपकॉम या गेम कंपनीत गेल्या तेव्हा घरच्यांनी आणि शिक्षकांनी कपाळाला हात लावला होता. हिदेताका मियाझाकी सामाजिक शास्त्रांच्या बाजूने पदवीधर झाले, अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीत स्थिरावले, एकोणतिसाव्या वर्षी पगार कमी घेऊन फ्रॉमसॉफ्टवेअर या गेम कंपनीत आले आणि २०१४ साली तिथे अध्यक्ष झाले. आणि गुनपेई योकोई? ते इंजिनीअर होते खरे, दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले. पण १९६५ साली निंटेंडोत त्यांना काम मिळालं ते पत्ते छापण्याच्या मशीनची देखभाल करण्याचं, कारण कंपनी तेव्हा मुख्यतः पत्तेच बनवत होती. फावल्या वेळात त्यांनी लांब होणारा एक खेळण्यातला हात केला, तो अध्यक्षांच्या नजरेला पडला, आणि तिथून पुढे १९८९ च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रापर्यंत वाट गेली. तेव्हा प्रश्न "कॉम्प्युटर की एआय" असा नाहीच. प्रश्न असा आहे की तुमच्या मुलाला यातलं काय करायचं आहे: रचना, चित्र, संगीत, लेखन की कोड? त्याला विचारलंत का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

कोड आवडत असेल तर सीईटी आणि जेईई आहेतच. रचना किंवा चित्र असेल तर डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा. तारखा त्यांच्या संकेतस्थळांवर बघा. कॉम्प्युटर आणि एआय यांतला फरक पदवीच्या पातळीवर तुम्ही समजता तेवढा मोठा नाही, कॉलेज चांगलं बघा.

आता थोडं मुलासाठी, हे त्याला वाचायला द्या. बाळा, जपानबद्दल तुझ्या डोक्यात जे आहे त्यात काम कमी आणि प्रेम जास्त असावं, असं मला वाटतं. तिथले मोठे स्टुडिओ बहुतेक नवी माणसं पदवी संपताना एकगठ्ठा घेतात, एप्रिलमध्ये रुजू करून घेतात, आणि मुलाखती जपानीतून होतात. रोजच्या वापरातल्या कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चिनी चित्राक्षरं, २,१३६ आहेत, त्या सहा महिन्यांत येत नाहीत. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-२ पातळीला पोहोचायला नेटाने काही वर्षं लागतात. परीक्षा पुण्यात होते आणि पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे. बारावीनंतर लगेच सुरुवात कर, आधी नको. आणि नाव व्हावं म्हणून जात असशील तर जाऊ नकोस. १९८० च्या दशकात कंपन्या आपली माणसं दुसऱ्यांनी पळवू नयेत म्हणून गेमच्या शेवटी खरी नावंसुद्धा देत नसत, टोपणनावं देत. आजही एका मोठ्या गेममागे शेकडो माणसं असतात.

गेम खेळण्याचे तास मोजू नकोस, बनवलेल्या गोष्टी मोज. सातोशी ताजिरीने १९८३ पासून 'गेम फ्रीक' नावाचं हस्तलिखित पत्रक काढलं, पानं स्टेपल करून विकली. ते पाहून केन सुगिमोरी चित्रं काढायला येऊन मिळाला. १९८९ साली त्या पत्रकाची कंपनी झाली. 'पोकेमॉन' पूर्ण व्हायला सहा वर्षं लागली, मधल्या काळात कंपनी जेमतेम तगली, आणि १९९६ साली गेम बाजारात आला. सुरुवातीला ताजिरीकडे कागद आणि स्टेपलरच होता. तुला त्याहून अधिक काही लागत नाही. फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्हे! बोर्ड तोंडावर आहे, तेवढे दिवस फिजिक्सला दे. साठ टक्के सुधारण्यासारखे आहेत.

आणि आता पुन्हा तुम्हाला. बँकेतून येताना एक ग्राफची वही घेऊन या, चांगल्या जाड कागदाची. रद्दीतली परत येणार नाही, ते मान्य करा आणि त्याच्यासमोर तसं बोला. "माझं चुकलं" एवढं पुरे, लांबलचक समजावणी नको. त्याने लगेच प्रतिसाद दिला नाही तर रागावू नका. दिवाळीपासून तुम्हीही दिलेला नाही. वही तो परीक्षेनंतर उघडेल, असं दोघांनी मिळून ठरवा आणि तो ठराव तुम्हीही पाळा, म्हणजे एप्रिलमध्ये सीईटीच्या नावाखाली ती पुन्हा कपाटात जाणार नाही.

एका खासगी संस्थेच्या महागड्या गेम डिझाइन कोर्सचं माहितीपत्रक तुम्ही पत्राला जोडलं आहे. आत्ता पैसे भरू नका आणि कर्ज तर अजिबात काढू नका. मे महिन्यात मुलाने स्वतःच्या हाताने मला लिहावं. एक छोटा टप्पा कागदावर काढून पाठवावा आणि खेळाडूला त्यात काय कळावं, ते शब्दांत लिहावं. ते बघून पुढचं बोलू.