उन्हाळ्यातला नाताळ आणि एकटीचं स्वयंपाकघर

डिसेंबर लागला की परदेशातल्या मराठी ख्रिस्ती घरांतून एकच काळजी माझ्यापर्यंत पुन्हा पुन्हा येते. ‘ताई, इथे सण सणासारखा वाटतच नाही. मुलांना काय कळणार?’ यंदाही ती आली, म्हणून एका कुटुंबाबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती मूळची नगरची, लग्नानंतर मेलबर्नला गेलेली. तिच्या मनातला नाताळ थंडीतला: अंगणात चांदणीचा कंदील, चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची भजनं, घरात दिवाळीसारखाच करंज्या-चकल्यांचा फराळ. मेलबर्नला डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. सूर्य मावळायला रात्रीचे पावणेनऊ होतात, एखाद्या दिवशी पारा चाळिशीला टेकतो. तिथली माणसं नाताळ निवांत करतात. फ्रिजमधलं गार हॅम, उकडून बर्फावर ठेवलेली कोळंबी, चेरी, आदल्या रात्री भाजून बंद ओव्हनमध्येच निवू दिलेला पाव्हलोवा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत गोड पदार्थ. जेवणं झाली की मागच्या अंगणात कचऱ्याचा डबा स्टंप म्हणून उभा करून क्रिकेट.

नवऱ्याला हे आवडायचं. तिला ती सहल वाटायची. नोकरीवरून आल्यावर ती रात्री उशिरापर्यंत तळण करायची आणि पंचवीस तारखेला कुणाशी धड बोलायची नाही.

“मी म्हणतो, सोड ना हे सगळं,” दोघं माझ्याशी बोलायला बसली तेव्हा नवरा म्हणाला. “तर म्हणते, तुला आपल्या सणाची किंमत नाही.”

अशा वेळी ‘कमी कर’ हा सल्ला सगळेच देतात आणि तो लागू पडत नाही. दमलेल्या बाईला त्यात ‘तू करतेस ते बिनमहत्त्वाचं’ एवढंच ऐकू येतं. माझा कल पहिल्यापासून अख्ख्या घराकडे बघण्याचा आहे. घरात कोण काय उचलतं हे पाहिल्याशिवाय एकट्या माणसाचं मन मला नीट दिसत नाही. म्हणून मी तिला भावनांबद्दल विचारलंच नाही.

“करंज्यांचं सांगा. लहानपणी घरी कोण काय करायचं?”

तिचा चेहराच बदलला. आजी सारण परतायची. आत्या लाट्या करून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची. शेजारच्या मावशी भरायच्या, कातण हिच्या हातात, कडेच्या कातरणी गोळा करून पुन्हा मळायचं काम धाकट्या भावाकडे. वडील कढईपाशी.

“आणि आई?”

“आई... आई सगळ्यांना चहा करायची.”

ती थांबली. मीही काही बोलले नाही. मग तीच हळू आवाजात म्हणाली, “एकटीनं कुणीच केल्या नाहीत हो कधी.”

एवढी वर्षं ती सात-आठ जणांचं काम दोन हातांनी करत होती आणि तरी सण का येत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होती. तिला आठवत होता तो फराळ, पण खरी उणीव होती माणसांची. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक घरांत हीच गाठ निघाली आहे, आणि ती दिसली की मला मनापासून समाधान वाटतं.

“मला सांगितलं असतंस तर मी केलं असतं,” नवरा म्हणाला.

“सांगितलं होतं. तू म्हणालास, विकत आणू.”

यावर तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या निवांतपणात मदत नव्हती, फक्त माघार होती, हे त्याला तिथे उमगलं.

पुढचं झटपट ठरलं. ऑस्ट्रेलियात पाहुण्यांनी आपापला एकेक पदार्थ आणायची पद्धत आहेच. तिनं तीच धरली. ओळखीची तीन घरं, प्रत्येकाचा एक पदार्थ. हिच्याकडे फक्त करंज्या, त्याही एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, सगळ्यांनी मिळून. तिकडच्या कोरड्या हवेत पारी लगेच वाळते आणि कड तेलात उकलते, म्हणून पंखा बंद. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती कातण. त्याच्या करंज्या वेड्यावाकड्या झाल्या आणि नाताळच्या दिवशी तो त्याच शोधून शोधून पाहुण्यांना देत होता. कोळंबी नवऱ्याकडे, अगदी सोलण्यासकट.

तुमच्याही घरी असंच चाललं असेल तर यादीतले पदार्थ खोडायच्या आधी प्रत्येक पदार्थापुढे माणसाचं नाव लिहा. ज्याच्यापुढे दुसरं नाव येत नाही तो यंदा विकत आणा किंवा करू नका. मुलांना तयार ताट वाढू नका, काम द्या, सांडलवंड होणारच. आणि ‘यंदा एवढंच केलंय’ हे सासूबाईंना त्यांच्या मुलानं सांगावं, सुनेनं नाही. या घरात तेच सगळ्यात अवघड गेलं. फोनची वेळही बघा: मेलबर्नला दुपारचे बारा वाजतात तेव्हा नगरला सकाळचे साडेसहा असतात, म्हाताऱ्या माणसांची चर्चला निघायची घाई. तिकडच्या संध्याकाळी सहानंतर लावा, म्हणजे इकडे जेवायच्या वेळेला सगळं घर एकत्र भेटतं.