लोअर केलेल्या पोलोला कोणतं सस्पेन्शन बसवावं, म्हणजे मागे बसणाऱ्यांची पाठ वाचेल?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: निपाणीत राहता, फोक्सवॅगन पोलो 1.5 डिझेल आहे, कोल्हापुरात एकानं नुसत्या स्प्रिंगा बदलून गाडी 40 मिमी खाली आणून दिली, शॉकअप (शॉक अॅब्झॉर्बर) कंपनीचेच ठेवले. गाडी दिसते झकास, पण मागे बसलेले आई-वडील दर हम्पला कळवळतात. आता उंची हीच ठेवून आराम देणारं काय घ्यावं, बिल्स्टाइन किंवा कोनी कंपनीचे शॉकअप, की कॉइलओव्हर (उंची वरखाली करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट)?

उंची हीच ठेवून काहीच नाही. 40 वरून 25 वर यायची तयारी असेल तर पुढचं वाचा.

मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, गाड्यांचा मिस्त्री नाही. पण माझ्याकडेही पोलोच आहे, पेट्रोलची, आणि तिला खाली घेण्यात मी तीन वेळा पैसे घातलेत. पहिल्या दोन वेळचे पाण्यात गेले.

सगळ्यांची गल्लत एकाच ठिकाणी होते, माझीही झाली होती. आपल्याला वाटतं स्प्रिंग मऊ म्हणजे आराम, कडक म्हणजे त्रास. पण आई-वडिलांना जो दणका बसतोय तो स्प्रिंगचा नाही, बंप स्टॉपरचा आहे. शॉकअपच्या रॉडवर जो फेसासारखा रबरी तुकडा असतो ना, तो. चाक वर येतं, स्प्रिंग दबत जाते, दबायला जागा उरली नाही की शॉकअपची बॉडी त्या तुकड्यावर आदळते. तिथून पुढं स्प्रिंग मऊ आहे की कडक याला काही अर्थ उरत नाही. आराम असतो तो या जागेत. गाडी खाली घेताना आपण नेमकी तीच कापतो.

थोडा हिशोब करू. समजा मूळ उंचीला चाकाला वर यायला 70 मिमी मोकळी जागा होती. 40 खाली आलात, उरली 30. स्प्रिंग जो धक्का पोटात घेते तो तिच्या कडकपणावर आणि दबण्याच्या वर्गावर अवलंबून असतो. म्हणजे तोच खड्डा 30 मिमीत जिरवायचा तर स्प्रिंग 70 भागिले 30 चा वर्ग, जवळजवळ साडेपाच पट कडक हवी. तेवढी कडक स्प्रिंग घातली तर गाडीची ट्रॉली होईल. तेच 25 खाली घेतलं तर उरतात 45, आणि गणित येतं अडीच पटीच्या आत. तेवढंही कुणी घालत नाही, उरलेलं काम चांगला शॉकअप आणि मऊ, लांबट स्टॉपर मिळून करतात. पण अडीचचं साध्य होतं, साडेपाचचं होत नाही. दिसायला फरक 15 मिमीचा, एका बोटाच्या जाडीएवढा. मागे बसणाऱ्याला तो पुरता कळतो.

आणि तुमच्या गाडीत हे 30 सुद्धा मागे दोन माणसं बसायच्या आधीचे. आई-वडील बसले, डिकीत दोन पिशव्या पडल्या की त्यातलेही 15-20 गेले. आता त्यांना हम्प लागणार नाही तर काय होणार?

माझी पहिली चूक याहून स्वस्तातली. 2014 साली एकाकडून मागच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा ग्राइंडरनं कापून घेतला. पाच वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग सव्वापट कडक होते. हवी होती कितीतरी पट, मिळाली सव्वापट. पण खरी गंमत पुढं झाली. चोर्ल्यावरून गोव्याला निघालो होतो, आई सोबत. कणकुंबीच्या अलीकडं मागचं टायर बसलं. जॅक लावला, चाक जमिनीवरून सुटलं आणि आतून टणकन आवाज आला. वाकून बघतो तर स्प्रिंग आपल्या बैठकीतून निघून तिरकी पडलेली. कापलेलं टोक निळं झालेलं, धार तशीच. पोलोत मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या बीमवर उभी असते. आखूड केल्यावर चाक लोंबकळलं की तिला धरून ठेवणारं काही राहत नाही. एका हातानं स्प्रिंग सरळ धरायची, दुसऱ्यानं जॅक थोडा थोडा सोडायचा, तिसऱ्या खेपेला बसली. आई रस्त्याकडेच्या दगडावर बसून सगळं बघत होती. म्हणाली, "नवी गाडी हाय न्हवं ही? मग सुटायलीय कशानं?" उत्तर नव्हतं. गोव्यापर्यंत डावीकडचा प्रत्येक आवाज ऐकत गेलो. तुमच्या स्प्रिंगा कापलेल्या आहेत की खरंच दुसऱ्या आहेत हे आधी बघून घ्या. कापलेल्या असतील तर बाकी चर्चा नंतर, आधी त्या काढा.

खर्च करायच्या आधी एक फुकटची तपासणी करा. इलेक्ट्रिशियन वायरी बांधायला वापरतात ती प्लॅस्टिकची टाय घ्या. मागच्या शॉकअपचं डस्ट कव्हर वर सरकवून चकचकीत रॉडला टाय आवळा, घट्ट पण हातानं सरकेल इतपत, आणि शॉकअपच्या बॉडीला टेकवून ठेवा. मग आई-वडिलांना घेऊनच तवंदी घाटातून संकेश्वरपर्यंत जाऊन या, येताना एखाद्या गावातून आत शिरून. परत आल्यावर टाय किती वर ढकलली गेली ते बघा. ती स्टॉपरमध्ये घुसून बसली असेल तर दोष जागेचा आहे, कुठल्याही ब्रँडचा नुसता शॉकअप बदलून तो जाणार नाही. टाय मध्येच थांबली असेल आणि तरीही गाडी उडत असेल तर शॉकअप थकलेत, स्प्रिंगांना हात न लावता काम होईल.

हम्पचंही सांगतो, कारण आपल्याकडं गाडी किती खाली घ्यायची हे शेवटी हम्पच ठरवतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणं हम्प 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा गोलसर असावा, ताशी 25 च्या वेगासाठी. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटरच्या किंचित आत. म्हणजे असा हम्प ओलांडताना चारही चाकं त्याच्यावरच असतात आणि पोटाखालची जागा जेमतेम साडेचार सेंटीमीटर कमी होते. खाली घेतलेली गाडीही आरामात जाते. पण खानापूर-जांबोटीकडं किंवा तुमच्या चिकोडी भागात असला हम्प मला तरी क्वचितच भेटलाय. गावकऱ्यांनी रातोरात घातलेला असतो, हातभर रुंद आणि वर धारदार. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आला की पोटातले पुरे दहाच्या दहा सेंटीमीटर खातो. त्यात ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा ऑइल चेंबरला घासतो. पुण्यातल्या माणसानं सांगितलेला आकडा इथं चालत नाही तो यासाठी.

आता घ्यायचं काय. बिल्स्टाइन म्हणताना लोक एकच वस्तू असल्यासारखं बोलतात, पण बी6 मूळ उंचीच्या गाडीसाठी असतो आणि बी8 ची बॉडी आखूड केलेली असते, खास खाली घेतलेल्या गाडीसाठी. बॉडी आखूड म्हणजे रॉडला आत जायला जागा जास्त. आपण वर जी जागा शोधत होतो तीच. तुम्हाला खालीच राहायचं असेल तर बी8. बी12 म्हणून मिळतो तो बी8 आणि आयबाख कंपनीच्या प्रो-किट स्प्रिंगा असा जोड आहे, एकमेकांसाठी जुळवलेला. कोनीचा स्पेशल अॅक्टिव्ह, ज्याला आधी एफएसडी म्हणत, आरामाला याहून बरा. त्यात एक जादा झडप असते, बारीक जलद खड्ड्यांवर ती तेलाला दुसरी वाट देते आणि शॉकअप मऊ पडतो, वळणावर वाट बंद होऊन घट्ट होतो. पण तो मूळ उंची किंवा जेमतेम खाली घेतलेल्या गाडीचा माल आहे. तुम्ही कंपनीच्या स्प्रिंगा परत घालायला तयार असाल तर डोळे झाकून हाच घ्या. मला विचाराल तर आई-वडील रोज बसणार असतील तर मी हेच करीन. पण तुम्ही करणार नाही, मीही केलं नाही.

स्प्रिंग मागवताना दोन गोष्टींत फसगत होते. एक, स्प्रिंगा पुढच्या एक्सलवरच्या वजनाप्रमाणं येतात. डिझेल इंजिन जड, त्यामुळं पेट्रोलचा सेट तुमच्या गाडीला लावला तर नाक जास्त खाली जाईल. पार्ट नंबरसमोर एक्सलचं वजन दिलेलं असतं, ते जुळवा. दुसरी, भारतातली पोलो कंपनीनं आपल्या रस्त्यांसाठी युरोपातल्यापेक्षा उंच ठेवली होती. पाकिटावर 30 मिमी लिहिलेलं असतं ते तिकडच्या उंचीपासून. माझ्या गाडीला 30 ची स्प्रिंग घातली आणि मागची बाजू 38 खाली आली. मग पीयूची (पॉलीयुरेथेनची) दहा मिमीची चकती शॉपमध्ये लेथवर काढून वरच्या बैठकीत घातली तेव्हा कुठं मनासारखं झालं. मोजताना जमिनीपासून मोजू नका, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायर आणि हवा मध्ये येत नाहीत. हे माप स्प्रिंगा काढायच्या आधी चारही चाकांचं लिहून ठेवायचं.

कॉइलओव्हर ही माझी दुसरी चूक. स्वस्तातला सेट होता, नाव सांगत नाही. उंची वरखाली करता येते म्हणून घेतला. पण दोन प्रकार असतात हे माहीत नव्हतं. एकात स्प्रिंगखालचं कॉलर फिरवून उंची बदलते, तसं खाली घेतलं की जागा तेवढीच जाते. दुसऱ्यात खालचा ब्रॅकेटच बॉडीवर फिरतो, उंची बदलली तरी शॉकअपची चाल शाबूत राहते. माझा पहिला प्रकार होता. वर शॉकअप मऊ-कडक करायला बत्तीस क्लिक. क्लिकनं फक्त शॉकअप ढिला होतो, स्प्रिंग तेवढीच कडक राहते. पार मऊवर आणला तर टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर गाडी चार वेळा हलायची, कडकवर नेला तर दातावर दात. एका पावसाळ्यात खानापूरकडची लाल माती आट्यांत बसली आणि कॉलर फिरायचंच थांबलं. चांगले कॉइलओव्हर असतात, नाही असं नाही, पण दरवर्षी उघडून धुवायची हौस लागते.

बसवून घेताना स्वतः उभे राहा. पुढच्या शॉकअपचे वरचे माउंट (स्ट्रट माउंट) आणि त्यातली बेअरिंग नवीन टाका, काम उघडलेलं असतंच. आणि लोअर आर्मच्या (पुढचं चाक धरणारा खालचा दांडा) आणि मागच्या बीमच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटचे आवळू देऊ नका. रबर त्या स्थितीत धरलं जातं, गाडी खाली उतरली की पिळवटून बसतं. तसं आवळलेलं असलं तर नवा शॉकअपही कडक लागतो, आणि बुश लवकर फाटतात ते वेगळंच. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे. बऱ्याच गॅरेजमध्ये हे होत नाही, सांगितलं तर तोंड वाकडं करतात. करू देत. मग अलाइनमेंट, त्यात टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, महत्त्वाचा, तो बिघडला तर टायर आतून खाल्लं जातं आणि बाहेरून कळत नाही.

टायर मोठ्या रिमवर नेला असेल तर तोही बघा. 185/60 आर15 ची भिंत 111 मिमी, 205/45 आर17 ची 92. जवळजवळ दोन सेंटीमीटर रबर तिथं गेलं. ते परत आणणं शॉकअपपेक्षा स्वस्त.

कायद्याचं एका ओळीत: मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत नोंदीशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तसंच सांगितलं. तुम्ही रोज कोगनोळीची हद्द ओलांडत असाल तर दोन राज्यांचे पोलीस आहेत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच आधी शोधते. 25 वर कुणी सहसा थांबवत नाही, असं मी म्हणणार नाही, एवढंच की माझी गाडी अजून थांबवली नाही.

येत्या रविवारी टाय बांधून तवंदी घाट करून या. टाय कुठं थांबली त्याचा आणि स्प्रिंगवरच्या नंबराचा फोटो इथं खाली टाका. मूळ माप कुणी लिहून ठेवलं नसेलच, तर तुमच्या ओळखीत जशीच्या तशी असलेली दुसरी डिझेल पोलो गाठून तिच्या मडगार्डचं माप आणा. मग 25 साठी तुमच्या गाडीला किती जाडीची चकती लागेल ते सांगतो.