खालच्या फ्लॅटमध्ये कॉलमपर्यंत तोडफोड चालू आहे, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो माझ्याकडे लायसन्स आहे. ते रद्द कोण करतं?

तुम्ही लिहिलंय की बिल्डिंग ३० वर्षांच्या वरची आहे, पहिल्या मजल्यावर किचन आणि हॉल एक करतायत, ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) लावलाय, कॉलमच्या सळया दिसायला लागल्यात आणि कमिटी म्हणते त्याच्याकडे लायसन्स आहे मग आपण काय करणार. लायसन्सचं सांगतोच, पण आधी आजचं काम करा. मुंबई महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनला फोन लावा आणि नुसतं "अनधिकृत काम चालू आहे" असं नका सांगू, "कॉलम फोडतायत आणि वर लोक राहतायत" असं सांगा, तक्रार नंबर लिहून घ्या. मग वॉर्ड ऑफिसला बिल्डिंग अँड फॅक्टरी खात्यात फोटो जोडून पत्र द्या आणि आपल्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका. पत्रात मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम ३५४अ लिहा. काम थांबवायची नोटीस त्याखाली निघते आणि नोटीस देऊनही काम चालू ठेवलं तर पोलिसांची मदत घेऊन काम करणारी माणसं तिथून बाहेर काढता येतात.

आता लायसन्स. मी रिपेअरच्या साइटवर सुपरव्हिजनचं काम करतो त्यामुळे हे रोज बघतो. फ्लॅटमध्ये तोडफोड, प्लास्टर, टाइल्स करणाऱ्या साध्या सिव्हिल कॉन्ट्रॅक्टरला मुंबईत महापालिकेचं वेगळं लायसन्स असं नसतंच. तो जे दाखवतो ते बहुतेक वेळा गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी) असतं, नाहीतर जीएसटीचा कागद. हे धंदा करायचे कागद झाले, तुमच्या पायाखालची भिंत पाडायची परवानगी त्यात कुठेच नाही. कोणाकोणाकडे पीडब्ल्यूडी किंवा महापालिकेची कॉन्ट्रॅक्टर म्हणून नोंदणी असते, पण ती सरकारी टेंडर भरण्यासाठी. तिथे काळ्या यादीत टाकतात, तेही आधी कारणे दाखवा नोटीस देऊन आणि ठरावीक मुदतीसाठी, कायमचं बाद करता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये कुल्जा इंडस्ट्रीजच्या केसमध्ये म्हटलंय. त्यामुळे "याचं लायसन्स रद्द करा" असा अर्ज घेऊन फिरलात तर एक खातं दुसऱ्याकडे पाठवेल, दुसरं तिसऱ्याकडे, आणि तोवर इकडे कॉलम गेलेला असेल.

लायसन्स असतं ते सही करणाऱ्यांकडे. लायसन्स्ड सर्व्हेअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, साइट सुपरवायझर यांना महापालिका लायसन्स देते, आर्किटेक्ट कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदलेला असतो. म्हणून त्या फ्लॅटवाल्याला लेखी एकच प्रश्न विचारा, हे काम कोणाच्या ड्रॉइंगवर आणि कोणाच्या सहीने चाललंय? बऱ्याचदा उत्तर येतं "आमचा इंटिरिअरवाला आहे". त्या माणसाला सौंदर्याची कितीही जाण असू दे, लोड कुठून कुठे जातो हे सांगायचा त्याला अधिकार नाही. तो स्वतःला आर्किटेक्ट म्हणत असेल तर नोंदणी नंबर मागा आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासा. नोंदणी नसताना आर्किटेक्ट म्हणवून घेणं हा १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टखाली गुन्हा आहे, आणि नोंदणी असून असं काम करून घेतलं तर व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार कौन्सिलकडे करता येते, तिथे ताकीद, निलंबन किंवा नाव काढून टाकणं इथपर्यंत जाऊ शकतं. सही स्ट्रक्चरल इंजिनिअरची निघाली तर तक्रार महापालिकेकडेच, कारण लायसन्स त्यांनीच दिलंय. माणसाचा पोटापाण्याचा कागद धोक्यात आला की काम कसं थांबतं ते मी पाहिलंय. एका साइटवर एसीच्या पाइपसाठी बीममधून आरपार भोक पाडायचं ठरलं होतं, कॉन्ट्रॅक्टर ऐकायला तयार नव्हता, पण कन्सल्टंटला लेखी विचारल्यावर त्याने त्याच संध्याकाळी काम बंद करा म्हणून मेल टाकला.

वायरिंगचं मात्र वेगळं आहे, तिथे कॉन्ट्रॅक्टरलाच राज्य सरकारचं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर लायसन्स लागतं आणि तक्रार विद्युत निरीक्षकाकडे जाते. मीटरपासून नवीन लाइन ओढत असतील तर तो नंबरही मागून घ्या.

मालकाला सोडू नका. घरातली नेहमीची दुरुस्ती परवानगीशिवाय करता येते, पण कॉलम, बीम, स्लॅबला हात लावायचा तर कलम ३४२ ची नोटीस आधी महापालिकेला द्यावी लागते, आणि ती दिली नसेल तर तोही तेवढाच जबाबदार. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५२ मध्ये विनापरवानगी बांधकामाला १ महिना ते ३ वर्षं कैदेची तरतूद आहे. पोलीस स्टेशनला "सिव्हिल मॅटर आहे" असं सांगून परत पाठवतील, तेव्हा भारतीय न्याय संहितेचं कलम २९० सांगा, इमारत पाडताना, दुरुस्त करताना, बांधताना निष्काळजीपणा केला तर ते कलम लागतं आणि त्यासाठी कोणी मरायची वाट बघावी लागत नाही.

हे मी एवढं जोर देऊन लिहितोय कारण घाटकोपरची सिद्धी साई बिल्डिंग २५ जुलै २०१७ ला पडली तेव्हा तळमजल्यावर असंच नूतनीकरण चालू होतं आणि १७ माणसं गेली. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची बिल्डिंग पडली, त्यात ६१ गेले, महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबं होती ती, आणि तिथेही तळमजल्यावरच्या बेकायदेशीर फेरफारावरून गुन्हा दाखल झाला. गुन्हे दोन्हीकडे नंतर दाखल झाले. तळमजला किंवा पहिला मजला म्हणजे वरच्या सगळ्यांचं वजन त्याच कॉलमवर, एवढं तरी कमिटीच्या लोकांना बसवून समजावा, शेजाऱ्याशी वाईटपणा नको म्हणून गप्प बसण्यासारखी ही गोष्ट नाही.

फक्त एक करू नका, त्याचं पाणी किंवा लाइट तोडू नका, मग उलट सोसायटीवरच केस होते आणि मूळ विषय बाजूला पडतो. वॉर्डाकडून काही हललं नाही तर १० रुपयांचा आरटीआय टाका, अमुक इनवर्ड नंबरच्या पत्रावर काय कारवाई केली एवढंच विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण तुमच्याकडे ३० दिवस नाहीत, म्हणून वकिलाला गाठून कामावर तातडीचा स्टे मागायची तयारी बरोबरीनेच ठेवा.

आणि काम थांबलं की लगेच सोसायटीने स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, फ्लॅटवाल्याचा चालणार नाही, फीचे पैसे नंतर त्याच्याकडून वसूल करायचा ठराव करा. इंजिनिअर येईपर्यंत कॉन्ट्रॅक्टर "सामान उचलून नेतो" म्हणाला तर ब्रेकर, डेब्री काय न्यायचं ते नेऊ दे, पण स्लॅबला लावलेले टेकू कोणालाही काढू देऊ नका.